पगार सांगायचा नसतो

आमच्या घरात पगार सांगायचा नसतो. कुणी विचारलाच तर खोटा सांगायचा, आणि तोही कमी करून. हा माझ्या सासूबाईंचा, म्हणजे हौसाबाईंचा कायदा. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या वन बीएचकेमध्ये त्यांच्या कायद्यावर अपील चालत नाही.

कायदा तसा जुना नाही, तीन वर्षांपूर्वीचा. माझ्या नवऱ्याला, सुदेशला, त्याच्या थोडं आधी एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागलेली. पॅकेज ऐकून आईंनी (मी सासूबाईंना आईच म्हणते) चारही मजल्यांवर पेढे वाटले, खालच्या रिक्षा स्टँडवर वाटले, आणि भाजीवाल्या नाथाला तर आकडा सांगून वर 'आता कोथिंबीर फुकट मागणार न्हाई हां' असंही ऐकवून आल्या. आठ महिन्यांनी कंपनीने एक मेल पाठवून अर्ध्या ऑफिसला घरी बसवलं. त्यात सुदेश. जवळजवळ वर्षभर घरी होता तो. आता शीळफाट्याजवळ एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं बघतो. पगार आधीच्या निम्मासुद्धा नाही, पण गडी हसतखेळत असतो. आई मात्र त्या दिवसापासून पगाराबद्दल ब्र काढत नाहीत. नजर लागली म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात, आणि विषय बंद.

मला हा कायदा सोयीचाच होता. कारण मलाही आकडा बोलता येत नाही. तसं तोंड माझं चांगलं चालतं. रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले तर मी भर चौकात त्याची हजेरी घेते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले की सेक्रेटरी आधी पाणी पिऊन घेतो. पण समोरच्याने 'मॅडम, तुमची अपेक्षा किती?' असं विचारलं, की माझी दातखीळ बसते. आणि तोंडातून काय निघतं, तर 'कंपनीच्या नियमाप्रमाणे'. लाज वाटते अक्षरशः! आपणच आपल्या तोंडाने आपली किंमत सांगायची, ही काय बाई रीत झाली?

आणि काम? काम मी असं करते की सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमची छोटी कंपनी आहे. हॉस्पिटलचं बिल आणि मेडिक्लेमची मंजुरी, हे सगळं एका जागी करणारी सिस्टीम आम्ही बनवतो. 'आम्ही' म्हणायचं आपलं, त्यातला मंजुरीचा सगळा भाग मी लिहिलाय. पूर्वी पेशंट बरा होऊन, कपडे बदलून, पिशव्या भरून खाटेवर बसून राहायचा, कारण विम्याचा कागद आलेला नसायचा. सकाळी सुट्टी सांगितलेला माणूस संध्याकाळी घरी पोचायचा. आता जेवणाच्या आधी पोचतो. हे माझं काम. माझ्या सासऱ्यांचं, पोपटरावांचं, हर्नियाचं ऑपरेशन कल्याणला झालं तेव्हा त्या काउंटरवर माझीच स्क्रीन चालू होती. मी आईंना दाखवली. आईंनी अख्ख्या वॉर्डला सांगितलं, "ही शिस्टिम माझ्या सुनंनं केलीय!" पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी विचारलं, "मग पगार तर भरपूर असेल?" त्यावर आईंचा चेहरा झटक्यात पडला. "कसला वो भरपूर. पस्तीस हजार."

मला तेव्हा साठ मिळत होते. म्हणजे वर्षाचे सात लाख वीस हजार. सात वर्षांच्या अनुभवावर! माझ्या हाताखाली ऋतुराज नावाचा मुलगा लागलेला, त्याला मी पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. तो दोन वर्षांत सोडून गेला आणि आज सोळा लाख घेतो. फोन करून मला सांगतो, 'मॅडम, सगळं तुमच्यामुळे.' माझ्यामुळे तुला सोळा, आणि मला? त्या दिवशी मी ऑफिसातून घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

तेव्हा ठरवलं, बस झालं. कोलशेत रोडला एका मोठ्या कंपनीत माझ्यासारखीच जागा निघालेली. ही बातमी आणली आमच्या खालच्या मजल्यावरच्या जाईबाईंनी. त्यांचं माहेर कोलशेतच्या खाडीकडचं, कोळीवाड्यातलं. आवाज असा की वर तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे फोन न लावताच ऐकू येतो. त्यांचा भाचा भावेश त्याच कंपनीत आहे. "बाय गो, आमचा भावेश तुझं नाव देल आत, तू फक्त हो बोल," असं त्या म्हणाल्या, आणि मी हो बोलले. भावेशने माझं नाव पुढे दिलं.

मुलाखती झाल्या. काय सांगू, मजा आली! शेवटच्या फेरीत तिथल्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी मला एक प्रश्न घातला, मी उत्तर दिलं, ते म्हणाले चूक. मी म्हटलं, सर, चूक नाही, आणि फळ्यापाशी जाऊन त्यांना सगळं आखून दाखवलं. ते जरा वेळ बघत राहिले, मग हसले. "तुमचं बरोबर आहे, मॅडम. आमच्याकडे हे असंच चुकतंय गेलं वर्षभर." मी बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. आता फक्त पगाराचं बोलणं राहिलेलं.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या एचआरच्या समीक्षा मॅडमचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला. गोड बोलत होत्या. अभिनंदन वगैरे झालं. मग म्हणाल्या, "तुमचा सध्याचा पगार चार लाख वीस हजार आहे ना? त्यावर आम्ही चाळीस टक्के वाढ देतोय. पाच लाख नव्वद हजार."

मी म्हटलं, काय?

"पाच-नव्वद. खूश ना?"

अहो, खूश कसली! आत्ता मिळतायत त्याच्यापेक्षा कमी. मी सांगितलं, मॅडम, मला सात-वीस आहे, चार-वीस कुणी सांगितलं? त्यांचा आवाज बदलला. "तुमचं नाव ज्यांनी सुचवलं त्यांनीच माहिती दिलीय. महिना पस्तीस. आता तुम्ही साठ म्हणताय. नक्की काय समजायचं आम्ही?" म्हणजे वर मीच खोटारडी. मी तिथेच जिन्यात बसून पगाराच्या स्लिपा पाठवल्या. त्या बघून मॅडम थोड्या नरमल्या. "ओके, मग सात-वीसवर चाळीस टक्के धरले तर दहाच्या आसपास होतील. तरी तुमची काय अपेक्षा आहे ती सोमवारी फायनल सांगा. एकच आकडा. मग मला तो वर न्यायचाय."

मी म्हटलं, "कंपनीच्या..." आणि जीभ चावली.

पस्तीस! हा आकडा जगात एकाच तोंडातून निघतो. आईंनी जाईबाईंना सांगितलेला, जाईबाईंनी भावेशला, आणि त्या भल्या पोराने विश्वासाने कंपनीला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा नुसता भडका झालेला. चप्पल काढली नि सरळ किचनमध्ये. आई मेथी निवडत बसलेल्या.

"आई, जाईबाईंना माझा पगार किती सांगितलात तुम्ही?"

"पस्तीस." हात थांबला नाही. "का?"

"का म्हणजे? साठचे पस्तीस का केलेत?"

"अगं, त्या जाईबाईची नजर लई वंगाळ. आपल्या तुळशीला निस्तं छान म्हणाली, तर आठ दिसांत वाळली."

"तुळस वाळली कारण आपण सगळे गावाला गेलेलो आणि पाणी घालायला कुणी नव्हतं!" मी ओरडले. "तुमचे ते पस्तीस हजार कंपनीपर्यंत गेले. त्यांच्यावर हिशोब करून मला आत्तापेक्षा कमी पगार सांगितला. वर मी खोटं बोलते असं वाटलं त्यांना. सात वर्षं राबले मी, आई, आणि तुम्ही जिभेच्या एका फटक्यात माझी किंमत निम्मी करून टाकलीत!"

आता आईंचा हात थांबला. "म्हंजी माझ्या बोलण्यानं पुन्ना..." एवढंच म्हणाल्या त्या. मेथी तशीच टाकून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. 'पुन्हा' म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. रागात माणसाला कान नसतात.

शनिवारी सुदेशने माझी तालीम घेतली. तो पलंगावर बसून समीक्षा मॅडम झालेला, मी समोर खुर्चीवर. सगळीकडे विचारून, चार मैत्रिणींना फोन करून आम्ही आकडा काढलेला. माझ्या कामाला, माझ्या अनुभवाला बाजारात अठरा लाख मिळतात. वीसवाले पण आहेत. अठरा म्हणजे काही आभाळ मागणं नाही.

"बोला मॅडम, तुमची अपेक्षा?" सुदेश बायकी आवाज काढून म्हणाला.

"चौदा," मी म्हटलं.

"अगं, अठरा ठरलेत ना?"

"हो रे. पण अठरा... सातवरून एकदम अठरा मागायचे? हसतील ते. बारा-तेरा बरे वाटतात ऐकायला."

"ऐकायला बरे वाटतात म्हणून घ्यायचे? शिवानी, रिक्षावाल्याशी भांडतेस त्याच्या निम्मं तरी भांड."

"रिक्षावाल्याचा मीटर असतो! माझा कुठे मीटर आहे?"

सुदेश हसून लोळला. मी उशी फेकून मारली. पण रडू यायला लागलेलं मला, त्याला दिसलंच असेल. दाराच्या पडद्याआड आई उभ्या होत्या. ते मला त्यांच्या बांगड्यांच्या आवाजावरून कळलं. आत काही आल्या नाहीत.

रविवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. माझा जीव कशात नव्हता, पण बोलावणी आधीच गेलेली. सासरे आणि सुदेश यांना नेहमीप्रमाणे गच्चीवर हाकललं. वाणाला आईंनी स्टीलच्या चहाच्या गाळण्या आणलेल्या. बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायका आल्या. अत्तर झालं, गुलाबपाणी झालं, तिळगुळाच्या वड्या आणि मसाला दूध झालं. मी प्रत्येकीला हळदीकुंकू लावत होते आणि मनात सोमवार मोजत होते. बारा म्हणू का तेरा म्हणू, एवढंच चाललेलं डोक्यात.

मग जाईबाईंनी आवाज दिला, "चला बायांनो, नावं घ्या! सुरुवात घरच्या मोठीपासून. हौसाबाई, उठा."

आमच्याकडे दरवर्षी हेच होतं. आई दरवर्षी तोच एक उखाणा घेतात, पोपटरावांच्या नावाचा, आणि दरवर्षी लाजतात. गावाकडे नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं, उखाण्यातच काय ते घ्यायचं, म्हणून त्या एका उखाण्याला त्यांच्या लेखी फार मान. त्या उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. हातात तिळगुळाची वाटी होती. पण यंदा लाजल्या नाहीत. चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं यांचं बीपी वाढलं की काय. मी उठणार तेवढ्यात त्यांनी सुरू केलं.

"चांदीच्या वाटीत तिळगुळाची वडी,
आजपासनं माझी मूठ सगळ्यांपुढं उघडी;
वर्साला अठरा लाख मागणार माझी सून,
शिवानीचं नाव घेते, ऐका कान देऊन."

खोली गप्प झाली. एवढ्या बायका आणि गप्प, असं आमच्या बिल्डिंगने कधी पाहिलेलं नाही. मी तर हळदीचं बोट हवेत धरून तशीच उभी.

"आणि आजून एक," आई म्हणाल्या. त्या सरळ जाईबाईंकडे बघत होत्या. "मी पस्तीस हजार सांगितलेलं ना, ते खोटं व्हतं. तिला साठ मिळत्यात. मला भ्या वाटत व्हतं म्हून कमी सांगितलं. ज्याची नजर लागायची त्याची लागू दे आता. पर पोरीचं काम मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दवाखान्यात लोकं खोळंबून बसायची, ती हिच्या कामानं येळंवर घरला जायला लागली. अशा पोरीला अठरा द्यायला नको?"

"बाय गो बाय!" जाईबाई ओरडल्या. "अठरा? लाख? आणि मी भावेशला पस्तीस सांगून बसले की गो!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग एकदम सगळ्या बायका बोलायला लागल्या.

पुढचा तासभर माझं काय झालं ते काय सांगू. प्रत्येक बाई वाण घ्यायला समोर आली की तिचा एकच प्रश्न. "खरंच का गं? किती?" आणि मी सांगायचं, "अठरा." पहिल्या बाईला सांगताना आवाज तोंडातल्या तोंडात राहिला. ती म्हणाली, "काय? ऐकू नाही आलं." मग जरा मोठ्याने, "अठरा." दुसरी. तिसरी. देशपांडे काकू कानाने कमी ऐकतात, त्यांना तर खच्चून ओरडून सांगावं लागलं. तळमजल्यावरच्या तात्यांच्या सूनबाईने विचारलं, "महिन्याला?" मी म्हटलं, "नाही हो, वर्षाला, महिन्याला अठरा मिळाले तर ही बिल्डिंगच घेईन." बायका खो खो हसल्या. शेवटच्या गाळणीपर्यंत माझ्या तोंडातून 'अठरा' असं निघायला लागलं, जसं कुणी विचारावं घर कुठलं आणि आपण सांगावं तिसऱ्या मजल्यावरचं.

रात्री भांडी आवरताना मी आईंना म्हटलं, "आई, हे काय केलंत तुम्ही?"

"वाकडं झालं माझ्या बोलण्यानं, ते माझ्याच बोलण्यानं सरळ करायला नको?" त्या गाळण्यांची रिकामी खोकी मोडून ठेवत होत्या. "आता उद्या तू कमी मागितलंस तर बिल्डिंगीत मी खोटी पडंन. एवढं ध्यानात ठेव."

सोमवारी मी घरूनच काम करते. समीक्षा मॅडमचा फोन दुपारी यायचा होता. मी बेडरूममध्ये टेबलापाशी बसले. आई दारात पाट टाकून बसल्या. कशाला, तर म्हणे घंटी वाजली तर उठायला. फोन आला.

"हॅलो शिवानी, ठरलं का मग काही?" समीक्षा मॅडम बोलल्या, आणि मला वाटलं त्या हसू दाबतायत. "म्हणजे, मला आकडा कळलाय म्हणा. भावेश सकाळी माझ्या डेस्कवरच आला. आधी माफी मागितली, मग आत्याने फोनवर सांगितलेला उखाणा म्हणून दाखवला."

हे देवा! जाईबाईंचा आवाज कोलशेतपर्यंत पोचणार हे मला कळायला हवं होतं. माझे कान तापले. पण आता मागे फिरायला वाट राहिली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "अठरा."

"शिवानी, मी मोकळेपणाने सांगते. ही दीडशे टक्के वाढ झाली. आम्ही तीस-चाळीस देतो. तुमच्यासाठी फार ताणून सोळा करून घेते मी. सोळा चालतील?"

सोळा. ऋतुराजएवढे. सातवरून सोळा! हो म्हण, हो म्हण, असं पोटातून कुणीतरी ओरडत होतं. चांगले पैसे होते, कोण नाही म्हणेल? मी गप्प झाले. ओठांवर 'चालेल' येऊन बसलेलं.

दारात आईंना मॅडमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण मी गप्प झालेली त्यांना दिसली. त्यांनी काही विचारलं नाही. आपला उजवा हात वर केला, मूठ वळली, आणि माझ्याकडे बघत सगळी बोटं सरळ केली. उघडा तळवा तसाच धरून ठेवला. कोयत्याचे, विळीचे जुने वण असलेला तो तळवा, आणि कालच्या हळदीने अजून पिवळा होता.

"मॅडम," मी म्हटलं, "वाढ मोजू नका. आत्ताचा पगार कमी आहे, कारण मी कधी मागितलाच नाही. त्याच्यावर टक्के काढलेत तर माझी चूक जन्मभर माझ्या मागे लागेल. काम मोजा. तुमची मंजुरीची सिस्टीम वर्षभर कुठे अडकतेय ते मी तुमच्याच फळ्यावर दाखवलंय. ती चालती करायला जो माणूस आणाल, त्याला काय द्याल? तेवढेच मला द्या. ते अठरा आहेत."

आईंचा हात अजून तसाच वर.

"बरं," समीक्षा मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज नेहमीच्या साच्यातला नव्हता. "मी वर बोलते. संध्याकाळपर्यंत सांगते."

फोन ठेवला नि मी खुर्चीतच मागे टेकले. आई हळूच हात खाली घेत म्हणाल्या, "काय म्हणाली?" मी म्हटलं, बघू. त्यांनी मान हलवली आणि चहा टाकायला गेल्या. पण दुधाऐवजी ताकाचं भांडं गॅसवर ठेवलं, एवढं त्यांचं चित्त ठिकाणावर होतं.

संध्याकाळी सुदेश नुकताच आलेला, बूट काढत होता. तेव्हा फोन वाजला. समीक्षा मॅडमचं एकच वाक्य. "अठरा मंजूर आहेत, मेल पाठवलाय, आणि साहेब म्हणाले, फळा पुसलेला नाही, या लवकर."

मी किंचाळले! सुदेशने एका पायात बूट असताना मला उचललं. सासरे खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. आई मात्र भिंतीला टेकून उभ्या. हसत नव्हत्या, काही नाही. मला भीतीच वाटली.

"आई, नोकरी मिळाली! अठरा!"

"एवढ्या बायांना सांगून पण मिळाली?"

"हो."

"जाईबाईला सांगून पण?"

"हो, आई."

त्या खाली बसल्या. मग सुदेशकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजी सुदेश, तुझी नोकरी माझ्या पेढ्यांनी न्हाई गेली."

शुक्रवारी किचनमध्ये अर्धवट राहिलेलं ते 'पुन्हा' माझ्या डोक्यात आत्ता उलगडलं. तीन वर्षं ही बाई मनात धरून बसलेली, की आपण गावभर सांगितलं म्हणून आपल्या पोराचं वाटोळं झालं. आणि तेच मनात धरून ती काल सगळ्या बिल्डिंगपुढे उभी राहिली, माझ्यासाठी. केवढी छाती लागली असेल! मी मुलाखतीत साहेबांना उलट उत्तर देऊन आले ते ह्याच्यापुढे काहीच नाही. माझ्या सासूचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

सुदेश तसाच एका बुटावर आईंपाशी जाऊन बसला. "आई, येडी आहेस का तू? कंपनीने चारशे माणसं काढली. त्या सगळ्यांच्या आयांनी काय पेढे वाटलेले?"

"मला काय ठावं," आई म्हणाल्या, आणि मग रडल्या. खूप रडल्या. सुदेशने त्यांचं डोकं धरून ठेवलं. मीही रडले, आणि सासऱ्यांनी उगाच टीव्ही लावला.

मग पदराने तोंड पुसून आई उठल्या. आधी मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली, सुदेशची काढली. "ते तेवढं असू दे," म्हणाल्या. नंतर खुंटीवरची पिशवी घेतली.

"कुठे निघालात?"

"पेढे आणाया. आन् हे बघ, उद्या समजा गेली ही नोकरी, तर गेली. दुसरी मिळंल. पेढे काय कुणी परत मागत न्हाई."

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर त्या आधी रिक्षा स्टँडकडे वळल्या, मग नाथाच्या भाजीच्या गाडीपाशी थांबल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण हात करून वर दाखवत होत्या. नाथाने मान वर केली. हातातला तराजू तसाच लोंबत होता.

"खरं का हो ताई?" तो खालून ओरडला. "आजी म्हणत्यात ते? किती?"

रस्त्यावरचे दोन-तीन जण थांबून वर बघायला लागले. जाईबाईंची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी कठडा धरला, पुढे वाकले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "अठरा!"